जोडणी आली, आता आखणी यावी

आपल्या विद्यालयाच्या वर्धापनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत गतकाळाचे स्मरण होईल, संस्थापकांच्या त्यागाविषयी कृतज्ञता व्यक्त होईल, गुणवंतांचा गौरव होईल. आणि ते सर्व उचितच आहे. परंतु स्मरणिका केवळ मागे वळून पाहण्यासाठी नसते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील वाड्यापाड्यांवरून आलेल्या मुलामुलींना या वसतिगृहाने दोन वेळचे अन्न, अंथरूण-पांघरूण आणि पुस्तके दिली. त्या मुलांपुढे आता कोणती विद्या ठेवायची, हा प्रश्नही याच पानांवर मांडला गेला पाहिजे. मी तो एका विषयापुरता मांडणार आहे. तो विषय म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. अर्थात विजेचे रूप बदलणाऱ्या परिपथांची, ज्यांना कन्व्हर्टर म्हणतात त्यांची, मूलतत्त्वे आणि आखणी.

विषयाचे नाव परके वाटेल. वस्तू मात्र घरातल्याच आहेत. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिव्यातील लहानशी पट्टी, दुकानातील इन्व्हर्टर, शेतावरील सौर पंपाची पेटी, विजेवर धावणारी रिक्षा, या प्रत्येकाच्या पोटात एक कन्व्हर्टर असतो. वीज ज्या रूपात मिळते त्याच रूपात ती क्वचितच उपयोगी पडते. कोठे प्रत्यावर्ती धारेची दिष्ट धारा करावी लागते, कोठे दिष्ट धारेची प्रत्यावर्ती; कोठे १२ व्होल्टचे ५ करावे लागतात, तर कोठे ३० चे ३००. हे रूपांतर शक्य तितकी कमी ऊर्जा वाया घालवून करणे, हेच या शास्त्राचे काम.

आपल्या भागातील अनेक मुले आज विजेच्या व्यवसायात आहेत. कोणी मुरबाडच्या एमआयडीसीत, कोणी आसनगाव-आटगावच्या कारखान्यांत, कोणी सौर पॅनेल बसविणाऱ्या ठेकेदाराकडे, कोणी वायरमन म्हणून. त्यांच्या कष्टांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु बहुतेकांचे काम कोठे थांबते, हेही पाहिले पाहिजे. तयार पेटी उचलायची, भिंतीवर बसवायची, लाल तार लाल टोकाला आणि काळी काळ्या टोकाला जोडायची, एवढेच त्यांच्या वाट्याला येते. पेटीचे झाकण उघडण्याचा अधिकार त्यांना नसतो. आणि उघडले तरी आत काय चालते, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. पेटी बंद पडली की ती बदलायची. पेटी कशी असावी, हे ठरविणारा मनुष्य दूर कोठेतरी बसलेला असतो, आणि मोलाचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो.

माझे मत असे की, या दूरच्या मनुष्याचे काम आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्याची पहिली पायरी दहावीच्या गणितात बसते. ती पायरी आपण आपल्या शाळेतच बांधली पाहिजे.

डोक्यावरून जाणारी वीज

मुंबई-नाशिक महामार्गाने शहापूरहून भिवंडीकडे जाताना पडघा लागते. तेथील विजेच्या मनोऱ्यांच्या जंगलाकडे आपण सवयीने दुर्लक्ष करतो. पण भारतातील मोठ्या कन्व्हर्टर केंद्रांपैकी एक तेथे आहे. चंद्रपूर ते पडघा ही ७५२ किलोमीटरची उच्चदाब दिष्ट धारा वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. चंद्रपूरच्या टोकाला प्रत्यावर्ती विजेची दिष्ट वीज केली जाते, ती विदर्भातून महाराष्ट्राची रुंदी ओलांडून येते, आणि पडघ्यात तिची पुन्हा प्रत्यावर्ती वीज होते. हे काम थायरिस्टर नावाच्या अर्धवाहक झडपांच्या रांगा करतात.

वाहिनीची क्षमता १५०० मेगावॅट आहे. तिच्या एका तारेवर जमिनीच्या मानाने अधिक ५०० किलोव्होल्ट आणि दुसरीवर उणे ५०० किलोव्होल्ट, म्हणजे दोन्हींत मिळून १००० किलोव्होल्टचे अंतर असते. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले धारा, हे सूत्र आपली मुले शाळेतच शिकतात. १५०० मेगावॅटला १००० किलोव्होल्टने भागले की १५०० अँपिअर येतात. समजा, व्होल्टेज दहापट कमी ठेवले असते, तर धारा १५,००० अँपिअर झाली असती. आणि तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच तारेत नुकसान शंभरपट झाले असते. एवढे मोठे केंद्र का उभारले, याचे अर्धे उत्तर या शालेय गुणाकार-भागाकारात आहे. उरलेले अर्धे असे की, लांब अंतरावर दिष्ट धारेला दोनच तारा पुरतात, आणि किती वीज पाठवायची यावर कन्व्हर्टरमुळे नेमके नियंत्रण ठेवता येते.

दुसरे उदाहरण कसारा लोकलचे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली, तेव्हा तारेत १५०० व्होल्टची दिष्ट धारा होती. जुन्या गाड्यांत वेग हळूहळू वाढविण्यासाठी मोटारीच्या मार्गात रोध घालावे लागत, आणि तेवढी वीज उष्णता होऊन वाया जाई. मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावरील ही पद्धत २०१५ मध्ये पूर्णपणे संपली. आता तारेत २५ किलोव्होल्टची प्रत्यावर्ती वीज असते. डब्याखालील रोहित्र तिचे व्होल्टेज उतरविते, कन्व्हर्टर तिची दिष्ट धारा करतो, आणि त्यापुढील इन्व्हर्टर हव्या त्या वारंवारतेची तीन फेजची वीज घडवून मोटारीला देतो. आसनगावला गाडी थांबताना तीच मोटार जनित्र बनते आणि वीज तारेत परत जाते. कसारा-इगतपुरी घाटात ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर चढ आहे. त्या उतारावर आधुनिक इंजिने ब्रेक लावतानाच वीज परत करतात.

तिसरे उदाहरण शेतातले. केंद्र सरकारची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू झाली, आणि त्यानंतर राज्यातही सौर कृषी पंपांना वेग आला. पॅनेल छपराएवढे दिसते म्हणून सर्वांचे लक्ष त्याच्याकडे जाते. पण पंपाचा मेंदू खालच्या पेटीत असतो. ऊन कमी-जास्त झाले तरी पॅनेलमधून त्या क्षणी मिळणारी जास्तीत जास्त शक्ती काढून घेणे आणि ती मोटारीला मानवेल अशा रूपात देणे, ही दोन्ही कामे ती पेटी करते. ती बिघडली की चांगले पॅनेल आणि चांगली मोटार असूनही शेत कोरडे राहते.

भातसा आणि तानसाचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. हे दुःख आपल्याला नवे नाही. विजेच्या विद्येचे काहीसे असेच झाले आहे. देशातील एवढी मोठी कन्व्हर्टर केंद्रे, रेल्वेमार्ग आणि कारखाने आपल्या अंगणात आहेत, पण त्यामागील ज्ञान आपल्या डोक्यावरून निघून जाते. पाण्याचा प्रश्न सोडविणे आपल्या एकट्याच्या हाती नाही. ज्ञानाचा प्रश्न बराचसा आपल्या हाती आहे.

बाबासाहेबांनी दाखविलेली दिशा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते, आणि वीज हा विषयही त्यांच्याकडे होता, हे आपल्या समाजातही पुरेसे सांगितले जात नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये सार्वजनिक बांधकामे आणि वीज यांविषयीच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज कशासाठी हवी, असा प्रश्न स्वतःच उपस्थित केला. स्वस्त आणि मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण होणार नाही, आणि औद्योगिकीकरणावाचून माणसे दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाहीत, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. विजेच्या नियोजनासाठी १९४४ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ हे त्यांच्याच कारकिर्दीतले.

त्याआधी, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी व्हाइसरॉयना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी एक निवेदन सादर केले होते. कला आणि कायदा या शाखांचे शिक्षण समाजाला फार पुढे नेणार नाही; विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षणच खरे साहाय्य करील; पण ते खर्चिक असल्याने आपल्या मुलांना त्याची दारे बंद आहेत, असे त्यांनी त्यात स्पष्टपणे मांडले आणि त्यासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांची मागणी केली. जो पुरुष स्वतः कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा प्रकांड पंडित होता, त्याने हे लिहावे, याला विशेष अर्थ आहे. त्या मागणीला ऐंशीहून अधिक वर्षे लोटली. आपली मुले आज अभियांत्रिकीपर्यंत पोहोचतात, हे खरे. पण ग्रामीण वसतिगृहातील मुलगा किंवा मुलगी तंत्रविद्येकडे वळते तेव्हा बहुधा जोडणीच्या पायरीवरच थांबते. बाबासाहेबांची मागणी उच्च प्रतीच्या शिक्षणाची होती, हे आपण विसरता कामा नये.

एका कॉईलचे गणित

'आखणी दहावीच्या गणितात बसते' हे विधान धाडसी वाटेल, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवितो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५ व्होल्ट, १ अँपिअरचा मोबाइल चार्जर करायचा आहे.

पहिला मार्ग सोपा आणि उधळपट्टीचा. मध्ये रोधासारखे काम करणारा घटक घालून जास्तीचे ७ व्होल्ट तेथेच जिरवायचे. बॅटरीतून १२ वॅट निघतात, मोबाइलला ५ मिळतात, ७ वॅटची उष्णता होते. शंभरातील जेमतेम बेचाळीस भाग कामी आले. दिवसभर उन्हात साठविलेल्या विजेचा हा अपव्यय आपल्याला परवडणारा नाही.

दुसरा मार्ग कन्व्हर्टरचा. त्यात वीज अडवीत नाहीत. एका अतिवेगवान स्विचने ती क्षणभर सोडतात, क्षणभर तोडतात. पूर्ण उघडलेल्या स्विचमधून धारा जात नाही, आणि पूर्ण जोडलेल्या स्विचवर जवळजवळ व्होल्टेज उरत नाही. म्हणून दोन्ही स्थितींत त्यात उष्णता फारशी होत नाही. साऱ्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा पाया या एका वाक्यात आहे. मात्र मोबाइलला असे तुकड्या-तुकड्यांचे व्होल्टेज चालत नाही. त्यासाठी तीन साथीदार लागतात. कॉईल ही दगडी जात्यासारखी असते. फिरायला वेळ घेते आणि एकदा फिरू लागली की चटकन थांबत नाही. कपॅसिटर हा रांजणासारखा. आवक कमी-जास्त झाली तरी त्यातील पातळी फारशी हलत नाही. आणि डायोड हा पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारखा. प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून स्विच तुटला तरी कॉईलमधील धारेला फिरत राहायला वाट मिळते.

आता गणित. स्विच सेकंदाला ५०,००० वेळा चालू-बंद होतो असे धरू. मग एका फेरीला २० मायक्रोसेकंद मिळतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. १२ चे सरासरी ५ करायचे, तर स्विच फेरीच्या ५/१२ भागात चालू हवा, म्हणजे ८.३३ मायक्रोसेकंद; उरलेले ११.६७ मायक्रोसेकंद तो बंद. चालू असताना कॉईलवर १२ वजा ५, म्हणजे ७ व्होल्ट असतात. बंद असताना उलट दिशेने ५ व्होल्ट. आलेखावर दोन आयत काढा. पहिल्याचे क्षेत्रफळ ७ गुणिले ८.३३, दुसऱ्याचे ५ गुणिले ११.६७, दोन्ही ५८.३ येतात. ते समान आले नसते, तर कॉईलमधील धारा प्रत्येक फेरीत वाढतच गेली असती किंवा आटत गेली असती. दोन आयतांची क्षेत्रफळे समान असणे, हा कन्व्हर्टरच्या आखणीचा पहिला नियम. तो आठवीतल्या मुलालाही पटतो.

कॉईल केवढी घ्यावी? धारेतील चढउतार ०.४ अँपिअरच्या आसपास राहावा अशी अट घातली, तर ५८.३ ला ०.४ ने भागायचे. उत्तर सुमारे १४६ मायक्रोहेन्री. बाजारात १५० ची मिळते, ती घ्यावी. पण येथे थांबणारा विद्यार्थी अर्धाच शिकला. '१२ व्होल्टची' म्हणवली जाणारी बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत चढते. त्या वेळी हेच गणित पुन्हा केले, तर चढउतार सुमारे ०.४४ अँपिअर येतो, आणि धारेचे शिखर १.२२ अँपिअरवर जाते. कॉईलचा गाभा त्या शिखराला चुंबकीयदृष्ट्या भरून गेला, तर कॉईल नुसत्या तारेसारखी वागू लागते आणि स्विच जळतो. म्हणून कॉईल घेताना मायक्रोहेन्रीबरोबरच ती किती अँपिअर सोसते, हेही पाहावे लागते. जोडणाऱ्याला फक्त '१५० ची कॉईल' ठाऊक असते. आखणाऱ्याला १५० का आणि किती सोसणारी, हे ठाऊक असते. दोघांच्या मजुरीतील आणि प्रतिष्ठेतील सारे अंतर या 'का' मध्ये आहे.

पुस्तक आणि मापन

कपॅसिटरचे सूत्रही असेच साधे आहे. चढउतार ०.४ अँपिअर आणि वारंवारता ५०,००० असताना १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर व्होल्टेज १० मिलिव्होल्टच हलावे, असे गणित सांगते. प्रत्यक्ष जोडून मोजले, तर त्याच्या चौपट-पाचपट आकडा दिसू शकतो. मग खोटे कोण, सूत्र की मापक? दोघेही नाही. खऱ्या कपॅसिटरच्या पोटात थोडा रोध असतो. तो ०.१ ओहम असला, तर ०.४ अँपिअरच्या चढउताराने त्यावर ४० मिलिव्होल्ट येतात. सूत्राने हा रोध धरलाच नव्हता.

हा क्षण शिक्षणाचा आहे. परंपरेने सांगितले, ग्रंथात लिहिले किंवा गुरूने म्हटले, म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या, ही कालाम सुत्तातील शिकवण आपण सभांमधून सांगतो. मुलाच्या हातात मापक देऊन, पुस्तकातील आकडा आणि मोजलेला आकडा यांतील फरकाचे कारण त्यालाच शोधायला लावणे, हा त्या शिकवणीचा प्रयोग आहे. प्रत्येक बिघाडाला कारण असते, आणि कारण दूर केले की बिघाड दूर होतो. बंद पडलेल्या पेटीसमोर बसलेल्या मुलीला हे एकदा उमगले, की ती 'नशीब' हा शब्द फारसा वापरणार नाही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, तयार कन्व्हर्टर बाजारात अगदी स्वस्त मिळतो, मग घडवायचा कशाला? चार्जरपुरते हे खरे आहे, आणि आपण चार्जरचा कारखाना काढावा असे मी म्हणत नाही. घडवून पाहिल्याशिवाय दुसऱ्याचा घडविलेला पारखता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. ग्रामपंचायतीने सौर दिवे घेताना, शेतकऱ्याने पंपाची पेटी घेताना, कागदावरील आकडे वाचून 'ही उन्हाळ्याच्या उष्णतेत टिकणार नाही' असे सांगणारा मनुष्य गावात असणे, याचे मोल फार मोठे आहे. अनेक गावांत खांबावरचे सौर दिवे पॅनेल शाबूत असताना बंद पडलेले दिसतात. त्यांच्या पेटीत नेमके काय गेले, हे पाहणारे कोणी नसते.

दुसरा आक्षेप भाषेचा. या विषयाचे चांगले साहित्य इंग्रजीत आहे, हे मान्य. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या प्राध्यापकांची या विषयावरील संपूर्ण व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य ऐकता येतात. पण दहावीच्या वसतिगृहातील मुलाला ती थेट झेपणार नाहीत. म्हणूनच पहिली पायरी मराठीत हवी. 'कॉईल', 'डायोड', 'स्विच' हे शब्द आपल्या मेकॅनिकांनी केव्हाच मराठी करून घेतले आहेत. विचार मराठीत झाला, की पुढचे इंग्रजी जड जात नाही.

तिसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो गंभीर आहे. घरातील २३० व्होल्टशी मुलांनी खेळता कामा नये. वीज तोडल्यावरही मोठा कपॅसिटर धक्का देऊ शकतो. म्हणून शाळेतील सारे काम १२ व्होल्टवर, फ्यूज लावून आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे. मूलतत्त्वे १२ व्होल्टला आणि पडघ्याच्या पाच लाख व्होल्टला तीच आहेत.

चौथा आक्षेप उघडपणे बोलला जात नाही, पण मनात असतो: 'आपल्या मुलांना हे जमेल काय?' त्याला उत्तर म्हणून आयआयटी मुंबईच्या 'सोल' या सौर अभ्यासदिव्यांच्या प्रकल्पाकडे पाहावे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात ग्रामीण विद्यार्थ्यांना दहा लाख दिवे सवलतीने, १२० रुपयांत देण्याचे उद्दिष्ट होते, आणि दिव्यांची जोडणी, विक्री व दुरुस्ती गावातीलच प्रशिक्षित लोकांकडे सोपविली होती. खेड्यातील हात सूक्ष्म सोल्डरिंग करू शकतात, हे त्यातून दिसले. आखणी मात्र पवईत झाली होती. त्यात प्रकल्पाचा दोष नाही. पुढची पायरी चढणे हे आपले काम आहे. आज गाड्यांपासून सौर पेट्यांपर्यंत जो आयजीबीटी नावाचा स्विच वापरला जातो, त्याच्या विकासाचे श्रेय ज्यांना दिले जाते ते जयंत बालिगा चेन्नईत जन्मले आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकले. बुद्धी कोणत्या प्रदेशाची वा घराण्याची मिरासदारी नसते. संधी मात्र असते.

काय करता येईल

माजी विद्यार्थी मित्रहो, माझी सूचना लहान आहे. विद्यालयातील एक खोली, चार मोठी टेबले, दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या, एक मध्यम सौर पॅनेल, दहा मल्टिमीटर, सोल्डरिंगची हत्यारे, कॉईल-कपॅसिटर-डायोडचा साठा, आणि एक जुना का होईना पण चालू ऑसिलोस्कोप. एवढ्यावर प्रयोगशाळा उभी राहते. संगणक खोलीत आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने विकसित केलेली ईसिम ही विनामूल्य प्रणाली बसविली, तर परिपथ जोडण्यापूर्वी तो पडद्यावर चालवून पाहता येईल.

तुमच्यापैकी जे पॉलिटेक्निक, आयटीआय किंवा अभियांत्रिकीतून बाहेर पडले आहेत, त्यांनी महिन्यातील दोन रविवार द्यावेत. आठवीत मापन शिकवावे: व्होल्टेज, धारा, रोध, आणि त्यांचा आलेख. नववीत कॉईल, कपॅसिटर आणि डायोड एकेकटे समजून घ्यावेत. बंद पडलेले चार्जर व एलईडी दिवे उघडून त्यांतील घटक ओळखावेत, मात्र ते पुन्हा मुख्य विजेला जोडू नयेत. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत प्रत्येक मुलामुलीने वरील चार्जर स्वतः गणित करून, स्वतः कॉईल गुंडाळून पुरा करावा, आणि त्याची वही लिहावी. वहीत मोजलेले आकडे असावेत, जळालेल्या घटकांची नोंद असावी आणि ते का जळाले हेही लिहिलेले असावे. अशा वह्या साठत गेल्या, की काही वर्षांत मराठीतील एक उत्तम पाठ्यपुस्तक आपोआप तयार होईल. ते लिहिणारी मुले आपली असतील.

पालक बंधू-भगिनींनो, मुलींना या खोलीपासून दूर ठेवू नका. 'वायरचे काम मुलांचे' हा समज जोडणीच्या काळातला आहे, आणि तेव्हाही तो खरा नव्हता. आखणीला खांबावर चढावे लागत नाही. तिला नेटके गणित, स्वच्छ हस्ताक्षर आणि चिकाटी लागते. तिन्ही गुण आपल्या मुलींत भरपूर आहेत. तसेच दहावीनंतर मुलगा लगेच कमावता व्हावा ही घरची निकड मी जाणतो. तिला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण कामावर जातानाही तो 'का' विचारणारा होऊन गेला, तर त्याची दुसरी पायरी पहिल्याच दिवशी ठरून जाते.

आणि समाजबांधवांनो, आपण विहारासाठी, जयंतीसाठी सढळ हाताने वर्गणी देतो. त्यातील थोडा भाग दरवर्षी या टेबलांसाठी राखून ठेवला, तर तो बाबासाहेबांच्या १९४२ च्या मागणीला आपल्या परीने दिलेला प्रतिसाद ठरेल.

एका खोलीने शहापूर-मुरबाडचे दारिद्र्य संपणार नाही, हे मला कळते. पण या दोन तालुक्यांतून दरवर्षी दहा मुले-मुली जरी कन्व्हर्टरची पेटी न घाबरता उघडणारी, आत पाहणारी, आणि 'ही मी याहून बरी करीन' असे म्हणणारी निघाली, तर जोडणाऱ्या हातांच्या या भागातून आखणारे हातही घडतील. ज्या संस्थेने आपल्याला अक्षरओळख दिली, तिनेच ही नवी ओळखही करून द्यावी, अशी विनंती मी संस्थेच्या विश्वस्तांना आणि आपणा सर्वांना करतो. खोली मोकळी करण्याचा निर्णय विश्वस्तांचा; पहिल्या रविवारी येण्याचा निर्णय आपला.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम, नमो बुद्धाय.